हॉटेलचे पॉइंट्स: मराठवाड्यातून फिरणाऱ्याने कोणता प्रोग्रॅम धरावा?

जालन्याच्या बियाणे कंपन्यांतले अधिकारी, लातूरचे एमआर, वाळूजहून चाकणला ये-जा करणारे इंजिनिअर, हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलीला अधूनमधून भेटून येणारे नांदेडचे आई-वडील. अशी कितीतरी मंडळी वर्षाकाठी बऱ्याच रात्री हॉटेलात काढतात. बिल भरलं, बॅग उचलली, संपलं. त्या रात्रींचं पुढे काही होऊ शकतं, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

मोठ्या हॉटेल साखळ्यांचे लॉयल्टी प्रोग्रॅम असतात. सभासद व्हायला पैसे लागत नाहीत. राहिलात की पॉइंट्स जमा होतात आणि पुरेसे साठले की एखादी रात्र फुकट मिळते. अडचण एवढीच की असे प्रोग्रॅम भरपूर आहेत, आणि प्रत्येकात थोडे थोडे पॉइंट्स असले तर कुठलीच फुकट रात्र पदरात पडत नाही. म्हणून आधी निवड, मग नोंदणी. लोक नेमकं उलटं करतात.

आधी स्वतःचा रस्ता बघा

गेल्या वर्षात कुठे कुठे मुक्काम केला ते एका कागदावर लिहा. आठवत नसेल तर बँकेचे मेसेज, यूपीआयची हिस्ट्री आणि ईमेलमधली बुकिंग बघा. चार रकाने पुरेत: गाव, किती रात्री, एका रात्रीचा रेट आणि पैसे कोणी भरले, म्हणजे तुम्ही की कंपनीने. हा शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. कंपनीच्या पैशाने राहिलात तरी पॉइंट्स सहसा राहणाऱ्याच्या नावावर जमा होतात, आणि खरी कमाई तिथेच असते. (कंपनीचा याबद्दल काही नियम आहे का, हे एचआरला एकदा विचारून घ्या. नंतर कुरबुर नको.)

आता त्या यादीतून तुळजापूर, परळी, औंढा नागनाथ, हुजूर साहिब असले मुक्काम काढून टाका. तिथे आपण भक्तनिवासात, यात्री निवासात नाहीतर लॉजवर उतरतो, त्यामुळे पॉइंटांचा प्रश्नच येत नाही. बीड, परभणी, हिंगोलीच्या कामाच्या मुक्कामांचंही बहुतेक तसंच. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ओळखीचा लॉजवाला रात्री अकराला गरम पाणी आणि पिठलं-भाकरी देतो, ती सोय कुठल्याच प्रोग्रॅममध्ये नाही.

उरलेली गावं बघा. मराठवाड्यातल्या माणसाच्या यादीत साधारण हीच निघतात: छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई, नाशिक, हैदराबाद, आणि देवदर्शनासाठी तिरुपती. निवड या सहा गावांवरून करायची. दुबई-बँकॉकच्या फोटोंवरून नाही.

त्या रस्त्यावर कोण कोण आहे

संभाजीनगरपासून सुरुवात करू. टाटांच्या आयएचसीएलची, म्हणजे ताज ज्यांचं आहे त्या कंपनीची, इथे दोन हॉटेलं आहेत: विवांता आणि खिशाला परवडणारं जिंजर. आयटीसीचं वेलकमहोटेल रामा इंटरनॅशनल आहे. लेमन ट्री आहे. विमानतळ आणि चिकलठाणा एमआयडीसीच्या बाजूला कामाला येणाऱ्यांना हीच नावं नेहमी भेटतात.

टाटांची साखळी पुढेही आपल्या रस्त्याने जाते. नाशिक, पुणे, मुंबईत जिंजर आहे. मुंबईत विमानतळाजवळचं मोठं जिंजर २०२३ मध्ये सुरू झालं. हैदराबादला ताज कृष्णा आणि बेगमपेटचं विवांता आहे, तिरुपतीलाही ताज आहे. यांचे पॉइंट्स म्हणजे टाटा न्यूचे न्यूकॉइन्स. हे अ‍ॅप एप्रिल २०२२ मध्ये आलं आणि ताजचा जुना इनर सर्कल प्रोग्रॅम त्याला जोडला गेला. एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया, हिशोब सरळ.

आयटीसीचा क्लब आयटीसी आहे, त्यात ग्रीन पॉइंट्स मिळतात. लेमन ट्रीचा इन्फिनिटी रिवॉर्ड्स.

पुणे आणि हैदराबाद तुमच्या यादीत जास्त वेळा असतील तर परदेशी साखळ्या विचारात घ्या. मॅरियटची (त्यांच्या प्रोग्रॅमचं नाव बॉनव्हॉय) पुण्यात भरपूर हॉटेलं आहेत: खराडीचं फेअरफिल्ड, विमाननगरचं फोर पॉइंट्स, हिंजवडी आणि चाकणचं कोर्टयार्ड, वर सेनापती बापट रस्त्यावरचं जेडब्ल्यू. अ‍ॅकॉरची आयबिस आणि नोव्होटेल, आयएचजीचं हॉलिडे इन एक्सप्रेस, हिल्टनचं चिंचवडचं डबलट्री, हयात प्लेस हिंजवडी, अशी यादी लांबत जाते. वाळूज-चाकण करणाऱ्याला मॅरियट सोयीचं पडतं, कारण चाकणमध्येच हॉटेल आहे.

माझं मत सांगतो. वर्षाला आठ-दहा रात्रीच साखळी हॉटेलात जात असतील आणि त्यातल्या बऱ्याच संभाजीनगर-नाशिक-मुंबई अशा असतील, तर टाटांचं धरा आणि बाकीचं सोडून द्या. वर्षाला पंचवीसच्या वर रात्री असतील आणि पुणे-हैदराबाद मुख्य असेल, तर मॅरियटला जोर लावा. दोन्हीच्या मधे असाल तर एक देशी आणि एक परदेशी, असे दोन प्रोग्रॅम चालतील. तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

पॉइंटाची किंमत पैशात काढा

इथे थोडं बसून हिशोब करायला लागतो, कारण नवीन माणूस इथेच चकतो. एका ठिकाणी दहा हजार पॉइंट्स मिळतात, दुसरीकडे तीनशे. मोठा आकडा बघून तो दहा हजारांकडे वळतो. पॉइंट ही काही सगळीकडे सारख्या मोलाची नोट नाही.

प्रोग्रॅमचे ढोबळ दोन प्रकार. पहिल्यात पॉइंटाची किंमत ठरलेली असते. न्यूकॉइनचं वर सांगितलंच. अ‍ॅकॉरमध्ये २,००० पॉइंट्स म्हणजे ४० युरोची सूट, खोली कुठलीही असो. दुसऱ्या प्रकारात किंमत हलती असते. मॅरियटने २०२२ मध्ये आपला ठरलेला तक्ता काढून टाकला. त्यामुळे आज एखाद्या खोलीला ९,००० पॉइंट्स लागतात आणि पुढच्या शनिवारी त्याच खोलीला १४,००० लागू शकतात. हिल्टनचंही तसंच.

हलत्या किमतीच्या प्रोग्रॅममध्ये एकच सूत्र लक्षात ठेवा: रोख भरले असते तर जीएसटीसकट किती गेले असते, त्याला लागणाऱ्या पॉइंट्सनी भागा.

समजा, पुण्यात एका खोलीचा रेट ₹६,००० आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ₹७,५०० पर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. म्हणजे एकूण ₹६,३००. तीच खोली १०,००० पॉइंट्सना मिळत असेल, तर एका पॉइंटाचे ६३ पैसे झाले. आता दुसरी तारीख घ्या: रेट ₹३,८००, जीएसटी धरून ₹३,९९०, आणि पॉइंट्स मागतात ९,०००. इथे पॉइंटाला ४४ पैसेच पडले. पहिल्या तारखेला पॉइंट्स वापरा, दुसऱ्या तारखेला रोख भरा. मॅरियटचा पॉइंट ६० पैशांच्या आसपास गेला तर मी ठीक समजतो. ५० च्या खाली असेल तर हात आखडता घेतो.

कमाईची बाजूही बघून घ्या. मॅरियटच्या बहुतेक हॉटेलांत डॉलरमागे १० पॉइंट्स मिळतात. डॉलर सोयीसाठी ९० रुपये धरू. ₹४,५०० ची खोली म्हणजे ५० डॉलर, म्हणजे ५०० पॉइंट्स. ६० पैशांनी त्याचे झाले ₹३००. साधारण साडेसहा टक्के परत मिळाले म्हणायचं. १०,००० पॉइंट्सच्या एका फुकट रात्रीसाठी अशा वीस रात्री लागतात. ज्याच्या वर्षाला पाचच रात्री होतात, त्याने हे गणित एकदा शांतपणे करावं आणि मग ठरवावं. अ‍ॅकॉरमध्ये सुरुवातीच्या पायरीवर नोव्होटेलला दर १० युरोमागे २५ पॉइंट्स मिळतात, म्हणजे ५ टक्के; आयबिसला त्याच्या निम्मे. एकाच साखळीत स्वस्त हॉटेलला कमी पॉइंट्स, हा प्रकार बऱ्याच ठिकाणी आहे आणि तो जाहिरातीत ठळक लिहिलेला नसतो.

नोंदणी करताना नावाकडे लक्ष द्या

नोंदणी पाच मिनिटांची आहे, पण आपल्याकडे एक गोम असते. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, मधे वडिलांचं नाव कधी पूर्ण तर कधी नुसतं आद्याक्षर. प्रोग्रॅमच्या खात्यावर एक नाव, बुकिंगवर दुसरं आणि रिसेप्शनवर दिलेल्या आधारवर तिसरं असलं, तर पॉइंट्स अडकू शकतात. आधारवर जसं स्पेलिंग आहे तसंच टाका. आडनावाच्या रकान्यात आडनावच टाका, वडिलांचं नाव नको. मोबाइल आणि ईमेल स्वतःचे द्या, ऑफिसचा ईमेल देऊ नका. नोकरी बदलली की तो ईमेल जातो आणि त्याच्याबरोबर खात्यात शिरायचा रस्ताही.

नवरा-बायको दोघांनी वेगवेगळं खातं उघडावं, पण साखळी एकच ठेवावी. मॅरियट आणि हिल्टनमध्ये एकाच्या खात्यातले पॉइंट्स दुसऱ्याला देता येतात. त्याच्या मर्यादा आणि अटी त्या वेळी वाचून घ्या.

बुकिंग कुठून करायचं

साखळीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून, अ‍ॅपवरून किंवा हॉटेलला थेट फोन करून. मेकमायट्रिप, गोआयबिबो, बुकिंग डॉट कॉम यांच्यावरून केलेल्या बुकिंगला बहुतेक साखळ्या पॉइंट्स देत नाहीत. तिथे कूपन लावून ४०० रुपये वाचत असतील आणि इकडे ₹३०० चे पॉइंट्स मिळत असतील, तर सरळ ते कूपन वापरा. पॉइंटांसाठी जास्त पैसे मोजायचे नसतात. मात्र आधी सभासदांचा रेट बघा. लॉगिन केल्यावर तो साध्या रेटपेक्षा बऱ्याचदा थोडा कमी दिसतो आणि फरक तिथेच मिटतो.

कंपनीची ट्रॅव्हल डेस्क बुकिंग करत असेल तर त्यांना सभासद नंबर आधीच पाठवून ठेवा. कंपनीने हॉटेलशी थेट ठरवलेल्या रेटवर सहसा पॉइंट्स मिळतात. एजंटाने मधे घाऊक रेटवर खोली उचलली असेल तर मिळत नाहीत. कुठला रेट आहे हे डेस्कवाल्याला विचारायला लाजू नका.

काउंटरवर

चेक-इनला आधार कार्ड पुढे करतानाच विचारा, "माझा मेंबरशिप नंबर बुकिंगला लागलाय ना? जरा बघता का?" समोरचा पोरगा स्क्रीनकडे बघून "हो सर" म्हणेल. त्यावर नंबरचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवायला सांगा. अर्धा मिनिट जातो, पण नंतरचे चार ईमेल वाचतात.

चेक-आउटला बिल हातात आलं की ओळी वाचा. वर खोलीचं भाडं, त्याखाली जीएसटी, मग रात्रीचं जेवण, लाँड्री, कधी गाडीचं भाडं. पॉइंट्स साधारणपणे कर वजा करून उरलेल्या रकमेवर मिळतात. खोलीवर लिहून घेतलेलं जेवण बऱ्याच साखळ्यांत धरतात, पण तुम्ही रेस्टॉरंटमध्येच वेगळे पैसे दिले तर ते मुक्कामाच्या बिलात येत नाही. म्हणून जेवण झाल्यावर "खोलीवर लावा" म्हणायचं आणि सगळं एकदम चेक-आउटला भरायचं. कंपनीचा जीएसटी नंबर बिलावर घातल्याने पॉइंट्सना काही बाधा येत नाही.

बिलाची पीडीएफ ईमेलवर मागवून जपून ठेवा. आठ-दहा दिवसांत पॉइंट्स दिसले नाहीत तर साखळीच्या वेबसाइटवर हुकलेल्या मुक्कामाची तक्रार नोंदवायचा फॉर्म असतो. त्याला मुदत असते, तेव्हा वर्षाच्या शेवटी बसून करू म्हणाल तर उशीर झालेला असेल.

हैदराबादच्या आयटीसी कोहिनूरसारखी काही हॉटेलं आयटीसीची असूनही मॅरियटच्या लक्झरी कलेक्शनमध्ये आहेत. एका मुक्कामाचे पॉइंट्स एकाच खात्यात जातात, तेव्हा कुठे हवेत ते काउंटरवर आधीच सांगा.

वरची पायरी

रात्री वाढल्या की सभासदाची पायरी वाढते. मॅरियटमध्ये वर्षाला १० रात्रींवर सिल्व्हर, २५ वर गोल्ड, ५० वर प्लॅटिनम. गोल्डला खोली रिकामी असेल तर दुपारी दोनपर्यंत चेक-आउट मिळतं. रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईहून परत निघणाऱ्याला या दोन तासांची किंमत कळते. पण पायरी गाठायला डिसेंबरमध्ये उगाच मुक्काम वाढवू नका. निम्म्या लोकांना तिचा उपयोग करायला पुढच्या वर्षी तेवढा प्रवासच नसतो.

क्रेडिट कार्ड, लग्न आणि फसवे फोन

एचडीएफसी बँकेने २०२३ मध्ये मॅरियट बॉनव्हॉय कार्ड काढलं. वार्षिक फी ₹३,००० अधिक जीएसटी, आणि त्या बदल्यात १५,००० पॉइंट्सपर्यंतच्या खोलीची एक फुकट रात्र. ती रात्र नीट वापरली तर फी वसूल होते, वापरायची राहिली तर फी गेली. घेण्याआधी त्या वेळच्या अटी वाचा. कार्ड व्हिसा-मास्टरकार्डचं नाही, डायनर्स क्लबच्या नेटवर्कचं आहे, त्यामुळे तालुक्याच्या गावी दुकानातल्या मशीनवर चालेलच असं नाही. आणि महिन्याचं बिल पूर्ण भरत नसाल तर हा विषयच सोडा. कार्डाचं व्याज सगळे पॉइंट्स खाऊन टाकतं.

घरात लग्न असेल आणि वऱ्हाडासाठी साखळी हॉटेलच्या वीस-पंचवीस खोल्या घेणार असाल, तर आगाऊ रक्कम देण्याआधी बँक्वेट मॅनेजरला विचारा की आयोजकाला पॉइंट्स मिळतात का. मॅरियटकडे त्यासाठी वेगळी योजना आहे. मिळणार असतील तर ते करारात लिहून घ्या. तोंडी शब्दाचा मांडवाच्या दिवशी उपयोग होत नाही, त्या दिवशी मॅनेजरही बदललेला असतो.

"अभिनंदन, तुम्हाला तीन दिवस दोन रात्री फ्री! फक्त मिस्टर-मिसेस दोघांनी संध्याकाळी या" असा फोन आला तर तो यातला प्रकार नव्हे. तिथे दीड-दोन तास बसवून सुट्ट्यांची महागडी मेंबरशिप गळ्यात मारतात. लॉयल्टी प्रोग्रॅमला प्रवेश फी नसते. पैसे मागितले की समजा, ही दुसरी गोष्ट आहे. चांगल्या साखळ्यांच्याही जेवणावर सूट देणाऱ्या सशुल्क मेंबरशिप असतात. क्लब मॅरियट ही तशीच, बॉनव्हॉयपेक्षा वेगळी. रेस्टॉरंटात नेहमी जात असाल तरच तिचा विचार करा.

पॉइंट्स खर्च करताना

हलत्या किमतीचे पॉइंट्स महाग तारखांसाठी राखून ठेवा: ३१ डिसेंबर, लग्नाच्या दाट तिथी, शहरात मोठी परीक्षा किंवा क्रिकेटचा सामना असलेले दिवस. मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंट्सवर घेतल्या तर त्यातली सर्वांत कमी पॉइंट्सची रात्र फुकट जाते. दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जाणाऱ्या कुटुंबाने हे ध्यानात ठेवावं. बुकिंग करताना रद्द करायची मुदत बघा. आपल्याकडे सोयर-सुतक, पाहुणे, पाऊस यांनी बेत कधीही फिरतो.

ठरलेल्या किमतीच्या पॉइंट्सना असं काही करायला नको, कधीही वापरा. थोडी चैनही करता येते. हैदराबादचा फलकनुमा महाल, जो सहाव्या निजामाकडे आला होता, तो २०१० पासून ताजचं हॉटेल आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपले आजे-पणजे ज्या राजवटीत सारा भरत होते, तिच्याच महालात न्यूकॉइन्स लावून बिल हलकं करता येतं. एका रात्रीचं भाडं बघून छातीत धस्स होईल, तेव्हा संपूर्ण फुकटाची आशा धरू नका. पण मजा आहे.

मुदत

मॅरियट, हिल्टन आणि हयातमध्ये दोन वर्षं खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर पॉइंट्स जातात. आयएचजीच्या साध्या सभासदाला आणि अ‍ॅकॉरमध्ये ही मुदत एकच वर्ष आहे. एखादा मुक्काम झाला की मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. न्यूकॉइन्स मात्र वर्षभरात संपवायचे असंच धरून चाला आणि मोबाइलमध्ये दर तिमाहीची आठवण लावा. शेवटचा महिना उरला आणि कुठे जायचं ठरत नसेल, तर ते टाटा न्यूवरून क्रोमा किंवा बिग बास्केटवरही चालतात. हॉटेलात नाही तर नाही, घरात नवा मिक्सर तरी येईल.